मनिषचं पडताळणी प्रमाणपत्र

नर्सिंगची राखीव जागा आणि फीमाफी हवी, तर जात पडताळणीचा अर्ज उद्याच द्यायचा होता. सोबत जोडायला वडिलांकडच्या नातेवाइकाचं प्रमाणपत्र लागतं, आणि आमच्यात ते फक्त चुलतभाऊ मनिषकडे होतं. "घर शाकारताना कुठे गेलं कोण जाणे," काका चहा पुढे करत म्हणाले. "आणि एवढं शिकून तू सासरीच जाणार ना?" काकूने मान खाली घातली. मनिषच्या प्रवेशावेळी तलासरीला जाऊन ते मीच लॅमिनेट करून आणलं होतं. चहा तसाच ठेवून मी बाहेर आले. रस्त्यावर बाबा जीप थांबवून उभे होते. "दिलं ना?" "हरवलं म्हणतात." बाबा चढता चढता थांबले. "असं कसं हरवलं? ओहोळाकाठच्या शेतावरचा हक्क सोड, मग पोरीला कागद देतो, असं तुझा काका म्हणाला होता. त्याच्या शब्दावर सकाळीच डहाणूला जाऊन हक्कसोडपत्रावर सही करून आलोय मी."