भोकाचे वडे

"भोक पाड गं मध्ये. सणाचे नव्हेत ते," हौसाबाई म्हणाल्या.

रसिकाने केळीच्या पानावर थापलेल्या वड्यावर बोट टेकवलं, पण ते दाबवेना. शेवटी हौसाबाईंनी, तिच्या नणंदेनेच, बोट घालून भोक पाडलं आणि वडा तेलात सोडला. कोकण सोडून डोंबिवलीत येऊन चाळीस वर्षं झाली, चाळ जाऊन सोसायटी आली, पण हा नियम या घरात कधी चुकला नव्हता. सणाचा वडा अख्खा, गेलेल्या माणसाचा भोकाचा.

रसिकाची लेक प्राची गेली त्याला आज तेरा दिवस झाले होते.

त्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला शीळफाट्यावरून फोन आला. तिच्या नवऱ्याने, त्र्यंबकरावांनी, उचलला, ऐकून घेतला आणि ठेवून दिला. "प्राची गेली," एवढंच बोलून ते अंगावरच्या कपड्यांनिशी नळाखाली जाऊन बसले. मग रसिकालाही अंघोळ करायला लावली. ती भिंतीला धरून उभी होती. डोक्यावर पाणी कुणी ओतलं हेसुद्धा तिला कळलं नाही.

तेव्हापासून सगळं रीतीप्रमाणे चाललेलं. रीतीच्या बाबतीत त्र्यंबकरावांचा हात धरणारा अख्ख्या सोसायटीत कुणी नव्हता. देह नव्हता, म्हणून दर्भाचा पुतळा करून विधी उरकला. नेहमीच्या गुरुजींनी "हे माझ्याच्याने होणार नाही" म्हणत हात जोडले, तर यांनी दुसरे शोधून आणले. नातेवाईक फारसे फिरकले नाहीत. शेजारी जिन्यात भेटले की नजर चुकवत. एक खालची मेघना तेवढी रसिकाला हाताला धरून घरात बसवायची, चहा पाजायची.

भिंतीवर हार घातलेला फोटो होता तो मुलाकडच्यांना पाठवायला काढलेला. जरीची साडी आणि उसनं हसू. रसिकाला तो बघवत नसे. तिची प्राची ही नव्हतीच. तिची प्राची खिशात पाना घालून फिरायची, तिच्या हातांना ऑइलचा वास यायचा. हेवी गाडीचं लायसन्स मिळालं तेव्हा पोर नाचत पेढे घेऊन आली होती. त्र्यंबकरावांनी पुडा न उघडताच कचऱ्यात टाकला. ठाण्याचं स्थळ, बँकेतला मुलगा, कार्तिकातली तारीख, सगळं ठरवून झालं होतं त्यांचं.

"बाबा, मला नाही जमणार हे. मला गाडी चालवायचीय," ती म्हणाली होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाण्याच्या टँकरवर निघून गेली.

"नको त्या गाडीच्या नादाने गेली पोर," हौसाबाई आल्या-गेल्याला सांगत आणि पदराने डोळे टिपत.

दहाव्याला कल्याणच्या खाडीवर कावळा शिवेना. दीड तास सगळे उन्हात ताटकळले. हौसाबाई भावाला म्हणाल्या, तिला काय हवं होतं ते बोल, लग्नाचा हट्ट सोडला म्हण. काय हवं होतं ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्र्यंबकरावांनी तोंड उघडलं नाही. अखेर दर्भाचा कावळा लावावा लागला.

त्या संध्याकाळी रसिकाने नवऱ्याला विचारलं, तेराव्याचं थोडं जेवण घेऊन मी शीळफाट्याला जाऊन येऊ का?

"या घरातल्या कुणी तिथे पाऊल टाकायचं नाही," ते म्हणाले. "टाकलं, तर परत यायचं नाही."

बत्तीस वर्षांत तिने त्यांचा शब्द मोडला नव्हता. स्वतःच्या साडीचा रंगसुद्धा तिने कधी त्यांना विचारल्याशिवाय घेतला नव्हता. दोन दिवस ती तेराव्याच्या तयारीत राबली. आज सकाळी मात्र मेघनाकडे जाऊन तिच्या फोनवरून ती दोन मिनिटं बोलून आली, आणि हौसाबाईंची पाठ वळली तेव्हा पाच वडे तिने भोक न पाडता तळले. ते कपड्याखाली झाकून ठेवले.

जेवणं झाली. त्र्यंबकराव फोटोखालीच आडवे झाले. रसिका रिकामा डबा घेऊन ओट्याशी वळली, तर हौसाबाई दारात उभ्या.

"वन्सं, मला चारच्या आत पोचायचंय," ती म्हणाली.

हौसाबाईंनी तिच्या हातातून डबा घेतला, परातीतले वडे त्यात रचले, वरच्या पुडात गव्हाची खीर ओतली आणि झाकण घट्ट लावलं.

"जा. तो उठला तर मी बघते काय ते."

जिना उतरताना रसिकाला आठवलं, अख्खे वडे कपड्याखालीच राहिले. पण आता मागे फिरायची सोय नव्हती. मागे फिरली असती तर पुन्हा निघायचा धीर झाला नसता.

शेअर रिक्षाने ती शीळफाट्याला उतरली. ट्रेलर, धूळ, हॉर्न. पंक्चरच्या दुकानाशेजारी ती डबा छातीशी धरून उभी राहिली. घर सुटलं होतं, हे तिला पुरतं कळत होतं. त्याचं दुःख होतं, पण तेरा दिवसांच्या दुःखापुढे ते काहीच नव्हतं. या रस्त्यानेच आपली पोर गेली, एवढंच तिच्या मनात येत होतं आणि डोळे भरून येत होते.

चार वाजून गेले. एक पाण्याचा टँकर वेग कमी करत कडेला लागला. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. ऑइलचे हात जीन्सला पुसत कुणीतरी धावत आलं, रसिकाला घट्ट मिठी मारली आणि तिच्या हातातला डबा घेऊन तिथेच चाकाला टेकून उघडला.

"भोकाचे वडे?" प्राचीचं हसू मावळलं. "आई, आपल्यात कोण गेलं गं?"