चौतीस फुलं

"बाई, हाऊ मानूस काय करी ऱ्हायना?"

कौसाबाईने केरसुणी थांबवली आणि भिंतीवरच्या कापडाकडे बोट केलं.

धनकंवर चांदीची ताटं पुसत होती. तिने मान वर केली. बैठकीच्या तिन्ही भिंतींवर ते कापड सकाळीच ताणून लावलं होतं. दुधी रंगावर लाल रेषांची चित्रं. झोपाळ्यावर बसलेली गोरी बाई, द्राक्षांचे घोस, मेंढ्या, पुन्हा झोपाळा. लढाई संपून पॅरिसचा माल मुंबईला परत यायला लागला, तेव्हा धाकटा दीर कांतीलाल हा तागा घेऊन आला होता. तागा उलगडला त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी झोपाळाच पाहिला.

ती जवळ गेली. झोपाळ्याच्या खाली, झुडपाआड, टोपी घातलेला एक पुरुष गुडघा टेकून बसला होता.

"तेन्हा हातमा बंदूक शे," कौसाबाई म्हणाली. "आनि कुत्राना तोंडमा दखा. पाखरू शे."

पाखराची मान लोंबत होती.

धनकंवरने मोजायला सुरुवात केली. दर दोन हातांवर तोच माणूस, तोच कुत्रा. एका जोडावर माणूस अर्धाच आला होता, बंदूक मात्र पूर्ण होती. तोही तिने धरला. चौतीस.

बाराच्या गाडीने भूरीबाई अमळनेरहून नंदुरबारला उतरणार होत्या. नातवासाठी धनकंवरची मुलगी केसर बघायला. पाणी तीनदा गाळून पिणाऱ्या, दिवस मावळल्यावर तोंडात काही न घालणाऱ्या भूरीबाई. त्यांना ज्या बैठकीत बसवायचं, तिथे जैनाच्या घरात चौतीस शिकारी.

तिने कांतीलालला हाक मारली. "हे काढा."

"भाभी, मी त्यांना पत्रात लिहून बसलोय. बैठक पॅरिसच्या कापडानं सजवलीय म्हणून. आणि काढलं तर मागे काय? खिळे ठोकून सगळा चुना निघालाय." तो वाकून बघू लागला. "माणूस छान काढलाय पण."

"भाऊजी, तो मारतोय."

कांतीलाल सावकाश सरळ झाला. "दादांना सांगू नका," एवढंच म्हणाला.

"आंबाना पाने आनू का?" कौसाबाईने विचारलं. "एक एक लाई देऊ."

"आज पाचम आहे. तिथीला आमच्यात हिरवं तोडत नाहीत. दिसलं तर त्या उंबऱ्यावरूनच परत फिरतील."

"मंग तुमना देवले चालस तरी काय?"

धनकंवर आत गेली आणि पेटीच्या तळातून आपल्या लग्नातली ओढणी घेऊन आली. केशरी, काठाला जरीचा रुंद गोटा. तिने ती दोनदा दुमडली आणि कात्री लावली. पाच पाकळ्यांचं, तळहाताएवढं फूल. माणूस आणि कुत्रा दोघेही त्याखाली झाकले जात होते.

नवी साडी नेसून बसलेली केसर सुई ओवू लागली. "माँ, ही माझ्यासाठी ठेवली होतीस ना?"

"तुझ्यासाठीच कापतेय."

तिघी भिंतीला लागून शिवत गेल्या. शेवटच्या फुलाला गाठ मारली तेव्हा टांगा दारात उभा होता.

भूरीबाई दोन बायकांना घेऊन बैठकीत आल्या. सोबत आणलेलं लोकरीचं आसन त्यांनी स्वतः अंथरलं. केसरकडून नवकार मंत्र म्हणवून घेतला. मग तिचा हात हातात धरला.

"बोटाला काय झालं?"

"सुई टोचली."

"म्हणजे काम करते." त्यांनी हात सोडला आणि भिंतीकडे पाहिलं.

त्या उठल्या. कापडावरून त्यांचा तळहात हळूहळू सरकत गेला आणि एका फुलाच्या गोट्यावर थांबला.

"ही फुलं पॅरिसची, की घरची?"

"घरची, माजीसा."

"तरीच. नुसत्या त्या झोपाळ्यावरच्या बाईकडे किती वेळ बघणार?" बरोबरच्या बायका हसल्या. भूरीबाई वळल्या. "ब्याणजी, एक मागू?"

ब्याणजी. विहीणबाई. सोयरीक ठरली की मुलाकडच्यांनी मुलीच्या आईला हाक मारायची ती अशी. दारात उभ्या असलेल्या अमृतलालने, केसरच्या वडिलांनी, डोळे मिटून घेतले. केसरची मान आणखी खाली गेली. तिला हसू आवरत नव्हतं.

"चौमासात आमच्याकडे साध्वीजी येणार आहेत," भूरीबाई म्हणाल्या. "त्यांच्या पाटामागे लावायला हे कापड मला द्या. फुलांसकट."

"आजच घेऊन जा," अमृतलाल म्हणाला. "कांती, स्टूल आण."

कांतीलाल हलला नाही. तो धनकंवरकडे बघत होता.

प्रत्येक फुलाला सहाच टाके होते. चार महिने गाव त्या फुलांसमोर हात जोडून बसणार होतं, आणि साध्वीजींच्या पाठीमागे चौतीस बंदुका असणार होत्या. ब्याणजी हा शब्द अजून कोणी लिहून दिलेला नव्हता. तो परत घेता येत होता.

ती उठली. केसरकडे तिने पाहिलं नाही.

"माजीसा," ती म्हणाली, "न्यायच्या आधी हे बघून घ्या."

धनकंवरने कात्री घेतली आणि जवळच्या फुलाचे तीन टाके कापले. गोट्याची पाकळी खाली वळली. आधी कुत्रा दिसला.

भूरीबाईंनी चष्मा नीट बसवला आणि पुढे वाकल्या.