सातपैकी सात

“रस्ता रोको?” प्रांजलने विचारलं.

“व्हय. केला की,” सिंधूबाई म्हणाल्या. त्या ओट्यावर पाय पसरून, गोधडी घेऊन बसल्या होत्या.

प्रांजलने फॉर्मवर खूण केली. पुण्याच्या कॉलेजातून ती न्हावऱ्यात आली होती. मत देण्यापलीकडे लोक सरकारला कसा जाब विचारतात, ते तिला मोजायचं होतं. गेल्या तीन वर्षांतल्या प्रत्येक कृतीला एक गुण, एकूण सात. सकाळपासून दोनच्या वर कुणी गेलं नव्हतं. तरणी माणसं तर फॉर्म बघूनच गोठ्याकडे सटकत होती.

“आजी, ह्यात नाव लिहायचं नसतं.”

“लिव्हा. सिंधूबाई. ठळक लिव्हा.”

मघाशी पाणी मागितलं तर ‘माठ तिथं हाय, घ्या हातानं’ म्हणाल्या होत्या. बाईचा तोराच वेगळा. प्रांजलला त्या फार आवडल्या.

“घरात कोण कोण असतं?”

“सून रानात गेलीय. आन् नातू, सार्थक. पोलिसात निवड झालीय त्याची. आता चौकशीला माणूस येणार म्हनं. नावावर एक जरी केस निघाली तरी घरी बसवत्यात.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “बिनबापाचं पोर हाय, म्याडम. त्याचं तेवढं व्हावं.”

“होईल, आजी. कालव्याच्या कार्यालयाला कुलूप लावलं, त्यात होतात?”

“मीच लावलं. सार्थक तवा मावशीकडं, यवतला.”

“मी त्याचं नाही विचारलं.”

“म्हनून सांगून ठिवते.”

“आणि पाण्याच्या टाकीवर चढून आंदोलन झालं...”

“चढले.”

प्रांजलने मान वर केली. “तुम्ही?”

“शिडी हाय की तिला. पयली मीच.”

सातपैकी सात. प्रांजलला भरून आलं. सत्तरीची ही बाई, आणि आपण साध्या निवेदनावर सही करताना दहादा विचार करतो. तिला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात सून, सुषमा, गवताचा भारा घेऊन आली.

“तुमच्या सासूबाई सगळ्या आंदोलनांत पुढे होत्या म्हणे!”

सुषमाने फॉर्मकडे पाहिलं, मग सासूकडे. भारा खाली टाकला.

“व्हय,” ती म्हणाली. “आत्याच होत्या.”

ओट्यावर ऊन आलं होतं. सुषमाने वाकून सासूला दोन्ही हातांवर उचललं आणि घरात नेलं. बारा वर्षांपूर्वी कमरेखालचं अंग गेलं तेव्हापासून ती त्यांना अशीच आत-बाहेर करत होती.