सत्कार राहिला

शर्यतीची शेवटची फीत हातभर अंतरावर उरली होती. तेवढ्यात स्वागताचं ढोल-ताशा पथक कडाडलं आणि सगळ्यांत पुढे असलेल्या ईशानीनं कान घट्ट दाबून उलटी धूम ठोकली. आईनं संयोजकांना परोपरीनं सांगितलं होतं, स्वमग्न मुलांना दणदणाट सोसत नाही. त्यांचं उत्तर, “पण ताई, शर्यत त्यांच्याच शाळेच्या मदतीसाठी ना? मग ढोलाशिवाय स्वागत कसलं?”

“अगं, थांब!” म्हणत आई मागे धावली. पहिलीच वळली म्हणजे रस्ता बदलला असणार, असं समजून बाकीचेही वळले. त्यांच्यामागे शाल-श्रीफळ सावरत पाहुणे, “अहो, सत्कार राहिला!” सत्कार होईपर्यंत वाजवायचं ठरलेलं, म्हणून पथकही वाजवत निघालं.

ईशानी थेट घरात शिरली आणि कडी लावून बसली. आईनं पायरीवरून गर्दीला हात जोडले, “तुमच्या पाया पडते, आधी ते बंद करा!”

ढोल थांबले. बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं. ईशानीनं सगळ्यांच्या पायांकडे पाहिलं. “बूट बाहेर. ओळीत. नाड्या आत.”

पाहुणे नारळ काखोटीला मारून खाली वाकले. बुटांची ओळ पार पिठाच्या गिरणीपर्यंत गेली.