आधी कोण ओरडलं?

ताश्कंदच्या उपनगरी गाडीत सिग्नल दिसला की आधी सहायक त्याचा रंग ओरडतो आणि मग चालक तोच रंग परत म्हणतो. पहिल्या डब्यात, केबिनच्या पत्र्याला टेकून बसलेल्या दोघा निवृत्त चालकांना ते रोज ऐकू येई.

"एर्गाश, तुझी लेक मुहय्यो म्हातारी होईल, पण सहायकच राहील," तुर्दी म्हणाला. "बाईच्या हातात गाडी देतंय कोण?"

एर्गाश निवांतपणे खरबूज कापत राहिला.

वळण सरलं. आतून घोगरा, पुरुषी आवाज आला, "हिरवा!"

त्यामागून मुहय्यो ठणठणीत आवाजात म्हणाली, "हिरवा!"

एर्गाशने पहिली फोड तुर्दीच्या हातावर ठेवली.

"खा. आणि डोक्यावरची टोपी सरळ कर. गाडी माझी लेक चालवतेय."