शनिवारची खुर्ची

"तुमाला पटायचं न्हाई," दत्तोबा म्हणाला, "पर परवाच्या शनिवारी मी पुण्याची शिकलेली मानसं नुसत्या तोंडानं रडवली. बोट बी न लावता."

पवनानगरच्या स्टँडवर मारुतीची जीप अजून भरायची होती. पावसामुळे अंबूबाईच्या टपरीत दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मारुतीनं चहा बशीत ओतला.

"आबा, तुमच्या गोष्टीनं मानसं झोपत्यात. रडत्यात कुटं?"

"गोष्ट न्हाई रं. खेळ."

धरणाकाठच्या कॅम्पवर दत्तोबा गेली कैक वर्षं शनिवारी पाहुण्यांना भुताच्या गोष्टी सांगत आला होता. शेकोटीपाशी त्याची ठरलेली खुर्ची असे. लाकडं आणायला आणि हुंकार द्यायला डोंगरवाडीचा शिदू. दत्तोबा बोलायचा, शिदू "हूं" म्हणायचा. हुंकाराशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही, हे मावळात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

यंदा कॅम्प सांभाळणाऱ्या कोमलनं नवंच काढलं. पाहुण्यांना म्हणे आता गोष्ट ऐकायची नव्हती, गोष्टीत शिरायचं होतं. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं, भ्यायची जागा आली की फासा टाकायचा. फासा सांगेल तसं निभावायचं. आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे एक जण बसणार. भूतही तोच, वाराही तोच. कोमल त्याला गेम मास्टर म्हणायची. दत्तोबा खेळमास्तर म्हणायचा.

"कोमल म्हनली, ज्याला ह्यो खेळ जमंल, शनिवारची खुर्ची त्याची. मग काय, बसलो. जल्मातला पैलाच डाव."

"आन् शिदू?" मारुतीनं विचारलं.

दत्तोबा गालात हसला. "त्योच तर खरा तमाशा. जळून कोळसा झाला बिचारा. तंबूच्या भायेर, ताडपत्रीमागं हुबा राहून फटीतनं समदं बघत व्हता."

"लाकडं आनायची सोडून?"

"सोडून. म्हनला आसंल, जन्म गेला ह्या शेकोटीपाशी, आन् आता आपल्या जागी कोन?"

अंबूबाई गाळणं झटकत होती.

"तर दुपारची येळ," दत्तोबानं सूर धरला. "धुकं पार तंबूच्या दारात आल्यालं. पाव्हन्यांत अनघा म्हनून एक खिदळी पोरगी. सारखा फोन वर धरून फोटो काढायची. खेळमास्तर सांगाया लागला, धरनाचं पानी उतरलंय. गाळातनं एका घराचा उंबरा वर आलाय. आन् आत चूल पेटलीया."

"हूं," मारुती नकळत म्हणाला.

"आन् गप. पुढं बोललाच न्हाई. नुसतं इचारलं, 'तुमी काय करता?'"

मारुतीचा हात बशीवरच थांबला. "आबा, तुमी इचारलं? तुमी तर एस्टीच्या कंडक्टरला बी तिकीट म्हनू देत न्हाई!"

"आरं, खेळाची रीतच हाय ती! खेळमास्तरानं समदं सांगून टाकायचं न्हाई. इचारायचं आन् थांबायचं. लय अवघड असतं थांबनं, तुला न्हाई कळायचं." दत्तोबानं उपरण्यानं तोंड पुसलं. "अनघा म्हनली, मी आत जाते. बाकीची बी तिच्यामागं शिरली. फासा टाकला, त्यो वंगाळ पडला. आत पानं मांडल्याली. जितकी मानसं आत शिरली तितकी पानं, आन् वर एक जास्त. तिनं इचारलं, ते कुनाचं? तर खेळमास्तर म्हनतो, 'तुमीच सांगा.'"

"मग?"

"मग पोरीनं फोन खाली ठिवला. मग म्हनली, 'आजीचं.' आन् लागली रडाया. तिचं बघून शेजारचा, त्याचं बघून पल्याडचा. पत्येकाला त्या पानावर आपलं गेलेलं मानूस दिसाया लागलं. भुताचं नाव बी घेतलं न्हाई कुनी, पर उंबऱ्याभायेर पाय टाकायची एकाची छाती हुईना."

बाहेर एक जीप हॉर्न वाजवत गेली. दत्तोबाचा आवाज आपोआप खाली आला.

"आन् हिकडं शिदू. पागोळी सरळ मानंवर गळतीया. पायाला जळू चिकटलीया, त्याचं बी भान न्हाई. पानाची जागा आली तवा त्याला वाटलं, वरडावं. आरं, आसं न्हाई! शेकोटीवरच्या गोष्टीत आदी म्हातारीची हाक येती, मग पानं! ती हाकच गाळली व्हती. आन् हाक न्हाई म्हनूनच त्या पोरीला तिची आजी आठवली, ह्ये बी त्याला तितंच उमगलं. उमगलं तसं पोटात कुनी इळा फिरवल्यागत झालं. इतक्या वर्सांत मानसं हसली, टाळ्या दिल्या, जांभया दिल्या, पर आपल्या गोष्टीवर आसं डोळं न्हाई भरलं कुनाचं. वाटलं, पाऊस वाढावा, तंबू पडावा, काय बी व्हावं, पर ह्यो डाव मोडावा. आन् पाय तर हालंनात, कारन पुढं काय हुतं ते त्याला बी बघायचं व्हतं."

मारुती हुंकार द्यायचा विसरला होता.

"शेवटी कोमलनं सोता जाऊन शेकोटीजवळची खुर्ची आनली आन् टेबलापाशी ठिवली," दत्तोबा म्हणाला. "म्हनली, आता दर शनिवारी हीच जागा. समद्यांनी टाळ्या वाजवल्या." त्यानं चहाचा रिकामाच ग्लास तोंडाला लावला. "शिदूची मातर कीव येती बघ. सोभाव गरीब, पर जळतोय."

अंबूबाईनं स्टोव्ह बारीक केला. इतका वेळ तिनं एकही हुंकार दिला नव्हता.

"दत्तोबा भाऊ," ती म्हणाली, "आडोशामागं बसल्याल्या मानसाला ताडपत्रीमागल्याच्या पोटातला इळा दिसत न्हाई. डाव शिदूनं मांडला. पागोळीखाली तुमी हुबं व्हता."