रिकामी वाटी

सोमवारी गाईने चरवी लाथाडली, म्हणून गुरुवारी किरणोत्सर्ग मोजणाऱ्या काउंटरखाली ठेवायला मथुरेकडे काही नव्हतं. मुनियप्पा गवळी तेव्हाच म्हणाला होता, स्वल्प थांबा अक्का, दुसऱ्या गाईचं काढून देतो. पण दूध एकाच गाईचं हवं, असा तिच्या मार्गदर्शकांचा, शेषगिरी सरांचा नियम होता. वहीतला रकाना कोरा राहू नये म्हणून तिने घासलेली रिकामी वाटी शिशाच्या जाड डब्यात सरकवली आणि यंत्र सुरू केलं.

तासाने आकडा आला. मिनिटाला एकवीस.

गेल्या आठवड्यात दुधाचाही एकवीसच होता.

तिने वाटी खिडकीत उजेडाला धरली. लख्ख होती. मग खोक्यातली नवी, न वापरलेली वाटी मोजली. बारा. म्हणजे यंत्र ठीक होतं. घासलेल्या आणखी दोन मोजल्या. वीस. बावीस. मथुरा स्टुलावर बसली.

तीन वर्षं ती हेच करत होती. दूर कुठेतरी अणुबॉम्बच्या चाचण्या व्हायच्या. त्यांची धूळ वाऱ्याबरोबर जगभर फिरायची आणि बंगळुरातल्या गवतावरही उतरायची. ते गवत मुनियप्पाची गाय खायची. तिचं दूध मथुरा आटवायची, भट्टीत जाळायची आणि उरलेल्या भुकटीतून स्ट्रॉन्शियम वेगळं काढून मोजायची. लहान पोरांच्या हाडांत जाऊन बसणारं स्ट्रॉन्शियम. त्याच गाईचं दूध राजाजीनगरात तिच्या घरी यायचं, आणि तिची चार वर्षांची मुलगी चंपा ते प्यायची.

बासष्टच्या पावसाळ्यानंतर आकडे चढायला लागले. सर खूश झाले, प्रबंध आता उभा राहिला म्हणाले. मथुरेने चंपाचं दूध बंद केलं. शेजारी कुणी दिलं, देवळात कुणी दिलं, तरी घोटभरही प्यायचं नाही, त्यात विष असतं, असं तिला रोज बजावलं. पोर नाचणीच्या आंबिलीवर राहिली आणि दोन महिन्यांत वाळली. सोयराबाई, मथुरेच्या सासूबाई, फारशा बोलणाऱ्या नव्हत्या. त्या एकदाच बोलल्या. "तुझ्या त्या यंत्राला विचार की, पोरीच्या बरगड्या किती मोजल्या त्याने."

वाट्या घासायचं काम मथुरेने दुसऱ्या कुणाला दिलं नव्हतं. प्रयोगशाळेतल्या साबणावर तिचा भरवसा नव्हता. दर शनिवारी ती वाट्या पदराखाली धरून घरी न्यायची, न्हाणीतल्या चुलीची राख फडक्यातून गाळून घ्यायची, आणि देवाची भांडी घासावीत तशी एकेक वाटी घासून काढायची. तिच्या आईने असंच शिकवलं होतं. झाड मातीतून आणि हवेतून जे जे घेतं, ते लाकूड जळल्यावर राखेत उरतं, आणि म्हणून लाकडाची राख थोडी किरणोत्सर्गी असते, हे तिने एम.एस्सी.ला वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. पण ती पुस्तकातली राख होती. घरातली राख तिच्या लेखी शुद्ध होती.

आकडा चढला की ती घाबरायची. घाबरली की जास्त जोर लावून घासायची. वाटीला बारीक चरे पडायचे, त्यांत राख बसायची, आणि पुढच्या गुरुवारी आकडा आणखी वर गेलेला असायचा.

नव्या वाटीचे बारा वजा केले तर राखेचे नऊ. दुधाच्या नावावर जवळजवळ काहीच उरत नव्हतं.

टाइप केलेलं प्रकरण सरांच्या टेबलावर होतं. उद्या ते परीक्षकांकडे जाणार होतं. रिकामी वाटी मोजायला तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मोजली हे कुणी पाहिलंही नव्हतं. तिने पेन घेऊन रकान्यात लिहिलं, रिकामी, एकवीस, आणि वही घेऊन सरांकडे गेली.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. एकदा वही स्वतःकडे ओढून बेरजा पाहिल्या. चष्मा काढून पुसला आणि परत घातला नाही.

"तू सांगितलं नसतंस तर हे मला कधी कळलं नसतं."

"मला कळलं होतं, सर."

त्यांनी प्रकरणाच्या पहिल्या पानावर आडवी रेघ मारली. आणखी दोन वर्षं लागतील, म्हणाले. मथुरेने मान डोलावली. तिला रडू येईल असं वाटलं होतं. यशवंतपूरच्या रस्त्याला लागल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण जवळजवळ धावत चाललो आहोत.

वाटेत मुनियप्पाच्या गोठ्यावरून तिने दूध घेतलं. कुठल्या गाईचं, ते विचारलं नाही. घरी येऊन चूल पेटवली, दूध तापवलं, साखर घातली. सोयराबाई सरकून बसल्या.

चंपा उंबऱ्यावर बसली होती. मथुरेने पेला पुढे केला. चंपाने ओठ घट्ट मिटून घेतले. मथुरेने सांगितलं, आता दूध चांगलं आहे, आईचंच चुकलं होतं. चंपाने मान फिरवली. मग, तिला पटावं म्हणून, मथुरेने पेला आपल्याच तोंडाला लावला आणि मोठा घोट घेतला.

चंपा किंचाळली नाही. ती झटकन आईच्या मांडीवर चढली आणि आपली बारीक बोटं तिच्या ओठांत खुपसू लागली.

"थुंक, आई. लवकर थुंक."